एका 'एस'ने पैसे बदलतात: कायद्याच्या इंग्रजीतले व्याकरणाचे प्रश्न कसे तयार करतात?

भाड्याच्या घराचा करार तुम्ही सही करण्याआधी पूर्ण वाचला होता का? खरं सांगायचं तर बहुतेक जण भाडं, डिपॉझिट आणि तारीख बघतात आणि सही करून मोकळे होतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये तसं म्हटलंय. पण हा करार बऱ्याचदा इंग्रजीत असतो आणि त्या इंग्रजीत एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी अर्थ बदलू शकतो.

उदाहरण बघा. 'डॅमेज' म्हणजे नुकसान. भिंतीला पडलेलं छिद्र किंवा तुटलेला नळ. त्याच शब्दाला शेवटी 'एस' लावला की होतं 'डॅमेजेस'. आता अर्थ झाला नुकसानभरपाई, म्हणजे पैसे. शाळेच्या व्याकरणात हे फक्त एकवचन आणि अनेकवचन आहे. कायद्याच्या इंग्रजीत मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणूनच कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व्याकरणाची वेगळी परीक्षा लागते. ती नीट तयार करणं वाटतं तेवढं सोपं नाही. प्रश्न चुकीचा असेल तर हुशार विद्यार्थीही नापास होतो आणि पाठांतर करणारा सहज पास होतो. हे प्रश्न कसे तयार होतात आणि चांगला प्रश्न कसा ओळखायचा, ते समजून घेऊ.

मुळात कायद्याचं इंग्रजी शिकायचं कशाला?

राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार, संसद कायद्याने दुसरी तरतूद करत नाही तोपर्यंत सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत चालतं. केंद्रीय कायद्यांचा अधिकृत मजकूरही इंग्रजीत असतो. त्यामुळे बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा किंवा मुलगी लॉ कॉलेजमध्ये गेली की दोन नव्या गोष्टी एकदम समोर येतात. एक कायदा आणि दुसरी त्याची भाषा.

इथेच परीक्षेची जबाबदारी वाढते. विद्यार्थ्याला कायदा समजला नाही, की इंग्रजी वाक्य समजलं नाही, हे प्रश्नातून वेगळं कळायला हवं. नाहीतर शिक्षक चुकीच्या दुखण्यावर औषध देत बसतात.

वाईट प्रश्न कसा दिसतो?

हा प्रश्न बघा. गाळलेली जागा भरा: 'द टेनंट ___ पे द रेंट बाय द फिफ्थ ऑफ एव्हरी मंथ.' पर्याय आहेत शॅल, मस्ट, विल आणि मे. उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तर दिलंय 'शॅल'.

अडचण काय? व्याकरणाच्या दृष्टीने चारही शब्द इथे बसतात. 'मे' टाकलं तरी वाक्य चुकत नाही, फक्त अर्थ बदलतो. भाडेकरूने भाडं द्यायलाच हवं असं नाही, तो देऊ शकतो, एवढंच उरतं. आणि 'मस्ट' लिहिणाऱ्याला शून्य गुण देणं तर सरळ अन्याय आहे. कारण आज अनेक देशांत कायद्याचा मसुदा लिहिणारे 'शॅल' सोडून 'मस्ट' वापरतायत. अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांची दिवाणी प्रक्रिया नियमावली २००७ मध्ये सोप्या भाषेत नव्याने लिहिली गेली, तेव्हा त्यातून 'शॅल' काढून टाकला. कारण एकच शब्द कधी बंधन, कधी भविष्यकाळ, तर कधी नुसती परवानगी सांगत होता.

मग हा प्रश्न दुरुस्त कसा करायचा? आधी हेतू सांगायचा. 'भाडेकरूवर दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भाडं देण्याचं बंधन टाकायचं आहे. खालीलपैकी कोणत्या वाक्यातून असं बंधन तयार होत नाही?' पर्याय द्यायचे: शॅल पे, मस्ट पे, इज रिक्वायर्ड टू पे, मे पे. आता उत्तर एकच आहे, ते म्हणजे 'मे पे'. आणि ते शोधायला वाक्याचा अर्थ कळावाच लागतो.

म्हणजे पहिला नियम असा: कायद्याच्या इंग्रजीत 'कोणतं वाक्य शुद्ध' यापेक्षा 'कोणत्या वाक्याचा काय परिणाम' हे विचारावं.

व्याकरणाचे कोणते मुद्दे तपासायचे?

सगळं व्याकरण तपासायची गरज नाही. जिथे चूक झाली तर हक्क, पैसा किंवा शिक्षा बदलते, ते मुद्दे आधी घ्यायचे.

१. बंधन, परवानगी आणि मनाई. 'शॅल नॉट' म्हणजे मनाई. 'नीड नॉट' म्हणजे गरज नाही. मराठीत आपण 'नोटीस द्यायची नाही' असं म्हणतो, तेव्हा मनाई आहे की नुसती गरज नाही, ते बोलण्याच्या सुरावरून कळतं. करारात सूर ऐकू येत नाही. म्हणून या जोडीवर प्रश्न हवाच.

२. आणि, किंवा, दोन्ही. फौजदारी कायद्यातली शिक्षेची वाक्यं यासाठी एकदम उपयोगी आहेत. भारतीय दंड संहितेत चोरीसाठी कलम ३७९ होतं. त्यात तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास 'ऑर विथ फाइन, ऑर विथ बोथ' असं म्हटलं होतं. फसवणुकीच्या कलम ४२० मध्ये मात्र सात वर्षांपर्यंतचा तुरुंगवास 'अँड शॅल ऑल्सो बी लायेबल टू फाइन' असं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी या दोन गुन्ह्यांच्या मूळ शिक्षेच्या वाक्यांची ही रचना कायम आहे.

आता विद्यार्थ्याला दोन्ही वाक्यं द्या आणि विचारा: कोणत्या वाक्यानुसार न्यायाधीश फक्त दंड करून सोडू शकतात? उत्तर पहिलं वाक्य. दुसऱ्या वाक्यात तुरुंगवास टाळून फक्त दंड देण्याचा पर्यायच नाही. हे सांगायला कायदा पाठ असावा लागत नाही, 'ऑर' आणि 'अँड' नीट वाचता यावे लागतात.

३. प्रेपोझिशन. 'चार्ज्ड विथ', 'अक्यूज्ड ऑफ', 'कन्व्हिक्टेड ऑफ', 'सेंटेन्स्ड टू'. चार शब्द, तीन वेगवेगळी प्रेपोझिशन. 'लायेबल टू फाइन' म्हणजे दंडाला पात्र, तर 'लायेबल फॉर डॅमेज' म्हणजे नुकसानीला जबाबदार.

४. 'ऑर' आणि 'ई' हे शेवट. लायसन्सर आणि लायसन्सी, लेसर आणि लेसी. देणारा 'ऑर', घेणारा 'ई', असं सगळे पाठ करतात. मग येतात मॉर्गेजर आणि मॉर्गेजी. कर्ज घेणारा कोण? मॉर्गेजर. कारण इथे 'देणं' म्हणजे घर गहाण देणं. बँक ते गहाण घेते, म्हणून बँक मॉर्गेजी. पाठांतर आणि समज यातला फरक या एका प्रश्नात कळतो.

५. कर्ता नसलेलं वाक्य. 'अ नोटीस शॅल बी गिव्हन विदिन थर्टी डेज.' व्याकरण अगदी बरोबर आहे. पण नोटीस कोणी द्यायची? कोणाला? ३० दिवस कधीपासून मोजायचे? 'या वाक्यातून कोणती माहिती मिळत नाही?' असं विचारलं की पॅसिव्ह व्हॉइसचा धडा आपोआप तपासला जातो.

६. विरामचिन्हं. यावर जरा थांबून बोलू. कारण इथे खरोखर पैसे गेलेत.

कॉमा नव्हता आणि ५० लाख डॉलर गेले

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी नावाची कंपनी आहे. तिच्या ड्रायव्हर्सनी ओव्हरटाइमच्या पैशांसाठी दावा केला. राज्याच्या कायद्यात काही कामांना ओव्हरटाइममधून सूट होती. त्या यादीच्या शेवटी शब्द होते 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर कॉमा नव्हता.

आता अर्थ काय घ्यायचा? एक अर्थ: माल पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग, म्हणजे एकच काम. दुसरा अर्थ: पाठवण्यासाठीचं पॅकिंग हे एक काम आणि वितरण हे दुसरं काम. ड्रायव्हर पॅकिंग करत नव्हते, वितरण करत होते. पहिला अर्थ घेतला तर त्यांना ओव्हरटाइम मिळणार, दुसरा घेतला तर नाही.

२०१७ मध्ये फर्स्ट सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं की वाक्य संदिग्ध आहे आणि अशा वेळी कामगारांच्या बाजूचा अर्थ घ्यायचा. २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. पुढे त्या यादीत सेमीकोलन घालून कायदा दुरुस्त करण्यात आला.

अशीच एक गोष्ट कॅनडातली. रॉजर्स आणि एलियंट या दोन कंपन्यांमध्ये विजेच्या खांबांच्या वापराचा करार होता. पाच वर्षं, नंतर पुन्हा पाच-पाच वर्षं, आणि मग एक कॉमा, त्यानंतर एक वर्षाची नोटीस देऊन करार संपवण्याची तरतूद. पहिल्या पाच वर्षांतही नोटीस देता येते का, हा वाद होता. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने त्या कॉमाच्या जागेकडे बोट दाखवून 'हो' म्हटलं. २००७ मध्ये कराराचं फ्रेंच रूप बघून तोच निर्णय फिरवला.

प्रश्न तयार करणाऱ्यांसाठी या दोन्ही गोष्टींत एक मोठा धडा आहे. ओकहर्स्टचं वाक्य देऊन 'याचा योग्य अर्थ कोणता?' असं विचारलं तर तो प्रश्नच चुकीचा. अपील कोर्टानेच वाक्य संदिग्ध ठरवलंय, तर विद्यार्थ्याने एक अर्थ कसा निवडायचा? विचारायचं असं: 'या वाक्याचे किती अर्थ निघतात? प्रत्येक अर्थाचा फायदा कोणाला? एकच अर्थ उरेल असं वाक्य पुन्हा लिहा.'

व्याकरण तपासताय की कायदा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तीन उदाहरणं बघू.

पहिलं. 'शॅल म्हणजे नेहमी बंधनकारक, चूक की बरोबर?' व्याकरणाच्या पुस्तकानुसार बरोबर वाटतं. पण १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव या खटल्यात घटनेच्या कलम ३२० मधला लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबतचा 'शॅल' बंधनकारक नाही असं ठरवलं. म्हणजे ज्याने जास्त वाचलंय, त्याचंच उत्तर 'चुकणार'.

दुसरं. 'अँड' म्हणजे 'आणि', यात शंका कसली? पण १९६८ मध्ये ईश्वरसिंग बिंद्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्या व्याख्येतला 'अँड' हा 'ऑर'सारखा वाचला. कारण शब्दशः वाचला तर कायद्याचा हेतूच साधत नव्हता.

तिसरं. '१ जूनपासून १५ दिवसांत' म्हणजे शेवटचा दिवस कोणता? १५ जून की १६ जून? केंद्रीय कायद्यांसाठी १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ सांगतं की 'फ्रॉम' म्हटलं तर पहिला दिवस मोजायचा नाही. म्हणून १६ जून. हे ज्ञान कायद्याचं आहे. निव्वळ इंग्रजी येणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

मग उपाय काय? लागणारा कायदा प्रश्नातच द्यायचा. 'पहिला दिवस मोजू नये असा नियम आहे. तर शेवटची तारीख कोणती?' असं विचारलं की खेळ सगळ्यांसाठी सारखा होतो. न्यायालयाने वेगळा अर्थ लावल्याची उदाहरणं वर्गात चर्चेला उत्तम आहेत, पण चार पर्यायांच्या प्रश्नात ती घालू नयेत.

उलट, २००७ चा जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर हा खटला व्याकरणाच्या प्रश्नासाठी अगदी योग्य आहे. भागीदारीच्या करारात वाद लवादाकडे 'शॅल' पाठवला जाईल असं होतं, पण पुढे 'इफ द पार्टीज सो डिटरमिन' हे शब्द होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी तसं ठरवलं तर. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा लवादाचा करारच नाही. 'शॅल'ने जे दिलं, ते 'इफ'ने काढून घेतलं. इथे न्यायालयाचं उत्तर आणि वाक्याचं व्याकरण एकाच दिशेने जातात.

चुकीचे पर्याय कुठून आणायचे?

पर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर लिहिणं सोपं असतं. कस लागतो तो चुकीच्या पर्यायांत. ते मनाने बनवायचे नाहीत, विद्यार्थ्यांच्या वह्यांमधून घ्यायचे.

मराठी विद्यार्थ्यांच्या चुका बहुतेक वेळा मराठीतूनच येतात:

- मराठीत 'पुरावे' असं अनेकवचन होतं, म्हणून 'एव्हिडन्सेस' लिहिलं जातं. इंग्रजीत 'एव्हिडन्स'च.
- आपण 'त्याच्याविरुद्ध दावा केला' म्हणतो, म्हणून 'सूड अगेन्स्ट हिम' होतं. बरोबर रूप 'सूड हिम'. पण 'फाइल्ड अ सूट अगेन्स्ट हिम' मात्र बरोबर.
- 'विषयावर चर्चा' वरून 'डिस्कस्ड अबाउट' येतं. 'डिस्कस्ड' पुरेसं आहे.
- मराठीत 'अ' आणि 'द' सारखी आर्टिकल्स नाहीत. त्यामुळे 'अ पार्टी' म्हणजे कोणताही एक पक्ष आणि 'द पार्टी' म्हणजे आधी उल्लेख झालेला पक्ष, हा फरक सुटतो. करारात तो महत्त्वाचा असतो.

अशा पर्यायांचा फायदा असा की विद्यार्थ्याने कोणता चुकीचा पर्याय निवडला, त्यावरून त्याची अडचण नेमकी कुठे आहे ते शिक्षकाला कळतं.

पर्याय किती हवेत? आपल्याकडे चारची सवय आहे. पण मायकल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ८० वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि बहुतेक वेळा तीन पर्याय पुरेसे असतात असा निष्कर्ष काढला. चौथा पर्याय बऱ्याचदा इतका कमजोर असतो की तो कोणी निवडतच नाही. अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता चार पर्यायांत २५ टक्के आणि तीन पर्यायांत ३३ टक्के असते. पण वाचलेल्या वेळात जास्त प्रश्न विचारता येतात.

उत्तर फोडणाऱ्या खुणा

काही प्रश्न विषय न वाचताही सुटतात. पेपर काढताना हे टाळायचं:

- गाळलेल्या जागेआधी 'ॲन' असेल तर स्वराने सुरू होणारा पर्यायच उत्तर असणार. 'अ/ॲन' असं लिहावं.
- बरोबर पर्याय सगळ्यात लांब आणि सविस्तर असू नये.
- 'वरील सर्व' हा पर्याय शक्यतो नको. दोन बरोबर दिसले की तिसरा वाचायची गरजच उरत नाही.
- 'नाही' किंवा 'वगळता' असे शब्द असतील तर ते ठळक करावेत. घाईत सुटलेला शब्द ही व्याकरणाची चूक नव्हे.
- अनोळखी लॅटिन शब्दांनी वाक्य भरू नये. तपासायचं कॉमाचं ज्ञान आणि विद्यार्थी अडकला लॅटिनवर, असं होतं.

परीक्षेनंतर प्रश्नाचीच परीक्षा

पेपर तपासला की काम संपलं? नाही. प्रश्न चांगला होता का, हे आता कळतं. त्यासाठी दोन आकडे पुरतात.

पहिला आकडा काठिण्याचा. किती टक्के विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिलं? ९५ टक्के असतील तर प्रश्न फारच सोपा. १० टक्के असतील तर प्रश्न अवघड तरी आहे किंवा चुकीचा तरी.

दुसरा आकडा भेद करण्याच्या क्षमतेचा. समजा वर्गात ६० विद्यार्थी आहेत. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के, म्हणजे साधारण १६ जण घ्या आणि खालचे १६ घ्या. वरच्यांपैकी १४ जणांचं उत्तर बरोबर आलं आणि खालच्यांपैकी ५ जणांचं. फरक ९. त्याला १६ ने भागा, ०.५६ येतात. हा उत्तम प्रश्न. आकडा ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न पुन्हा तपासावा. आणि तो शून्याच्या खाली गेला, म्हणजे हुशार विद्यार्थी जास्त चुकले, तर बहुधा उत्तरपत्रिकाच चुकलेली असते. 'शॅल' आणि 'मस्ट'चा मघाचा प्रश्न असाच पकडला जातो.

पर्यायी प्रश्न पुरेसे आहेत का?

वकील झाल्यावर कोणी चार पर्याय देत नाही. तिथे वाक्य वाचावं लागतं आणि लिहावं लागतं. म्हणून परीक्षाही त्या दिशेने सरकल्या आहेत. 'क्लॅट' या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत २०२० पासून उताऱ्यांवर आधारित प्रश्न असतात. कायद्याच्या इंग्रजीसाठी 'टोल्स' ही परीक्षा आहे, तिच्या फाउंडेशन, हायर आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन पातळ्या आहेत. केंब्रिजचीही 'आयलेक' नावाची अशी परीक्षा होती, ती २०१६ नंतर बंद झाली.

वर्गातल्या परीक्षेत पर्यायी प्रश्नांसोबत दोन-तीन लिहिण्याचे प्रश्न असावेत. एखादं कलम सोप्या इंग्रजीत लिहा. दोन अर्थांचं वाक्य एकाच अर्थाचं करा. किंवा इंग्रजी कलम वाचून अशिलाला मराठीत समजावून सांगा. हा शेवटचा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात खरा आहे. कारण उद्या समोर बसलेला माणूस मराठीतच विचारणार आहे, 'साहेब, यात नेमकं काय लिहिलंय?'

थोडक्यात, चांगल्या प्रश्नाची तपासणी

- बरोबर उत्तर एकच आहे का? दुसऱ्या शिक्षकाने उत्तरपत्रिका न बघता सोडवलं तर तेच उत्तर येतं का?
- प्रश्न अर्थाचा परिणाम विचारतोय की नुसता नियम?
- लागणारा कायदा प्रश्नात दिलाय का?
- चुकीचे पर्याय खऱ्या चुकांमधून आलेत का?
- परीक्षेनंतर आकडे बघून वाईट प्रश्न काढून टाकला का?

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी नसाल, तरी यातलं एक काम आजच करता येईल. घराचा करार काढा आणि 'शॅल', 'मे', 'अँड', 'ऑर' या चार शब्दांखाली रेघ मारा. मग प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: हे कोणी करायचंय, आणि नाही केलं तर पैसे कोणाचे जाणार? उत्तर सापडलं नाही, तर सही करण्याआधी समोरच्याला विचारा.